पोरींच्या खोलीवरचं छत

केवळाबाई कुणाच्याही घरी गेल्या, की उंबऱ्यातूनच आधी वर बघतात. पाण्याचा तांब्या पुढे येतो, कुणी 'बसा' म्हणतं, नवी सून पाया पडायला वाकते, आणि केवळाबाईंची नजर अजून वरच असते. लातुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. भूकंपानंतर या भागातल्या पुष्कळ माणसांना ती सवय लागली. फरक एवढाच, की बाकीच्यांची नजर वर जाऊन लगेच खाली येते, केवळाबाईंची तिथंच रेंगाळते. तुळई कसली आहे, पत्रा कशावर टेकलाय, स्लॅबला ओल कुठून आलीय, हे सगळं बघून झालं म्हणजे मग त्या तांब्याला हात लावतात.

त्यांचं माहेर मुरुडचं. लग्न होऊन लातूरच्या जुन्या वस्तीतल्या घरात आल्या तेव्हा ते घर माळवदाचं होतं. दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखातसुद्धा आत रांजणासारखा गारवा. त्या गारव्याची किंमत एकच होती. दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती चढवावी लागे. जुनी काढायची नाही, जुनीवरच नवी. गेल्या पावसाळ्यात जिथं गळलं असेल तिथं दोन पाट्या जास्त. घरातल्या बायका पाट्या वर न्यायच्या, पसरायच्या, पाणी शिंपडून लाकडी धुम्मसानं चोपून काढायच्या. नव्या सुनेची खरी परीक्षा स्वयंपाकात नव्हे, तिथं व्हायची. केवळा त्या परीक्षेत पहिल्याच वर्षी पास झाली. सासू गल्लीत सांगत फिरली, "आमच्या केवळाच्या हाताखालचं माळवद थेंबबी गळत न्हाई." इतर कशाबद्दल सासूनं तिचं कौतुक केल्याचं कुणाला आठवत नाही, त्यामुळे हे एक कौतुक केवळाबाईंनी पुष्कळ वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

मग त्र्याण्णव सालचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. लातूरच्या घराला भिंतीत एक तडा गेला, फडताळातली भांडी खाली आली, एवढ्यावर निभावलं. पण केवळाबाईंची थोरली बहीण भामाबाई औशाच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली होती. केवळाबाई आणि त्यांचे मालक शेषेराव तिथं पोचले तेव्हा गाव म्हणावं असं काही उभं नव्हतं. भामाबाईला काढून ठेवलं होतं. तिच्या तोंडावर एक ओरखडासुद्धा नव्हता. तिला काढणारा माणूस म्हणाला, "दगडानं न्हाई गेली बाई. मातीनं गेली. वरची सगळी माती अंगावर आली, श्वासच घेता आला न्हाई." केवळाबाईंनी बहिणीच्या हातावरची माती पदरानं पुसली. पांढरी, बारीक माती होती, त्यांच्या चांगल्या ओळखीची.

लातूरला परत आल्यावर त्यांनी शेषेरावांना सांगितलं, "माळवद काढा."

"आपल्या घराला काय झालंय?" शेषेराव म्हणाले. "सोन्यासारखं घर हाय."

केवळाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी चूल अंगणात मांडली, अंथरुणं अंगणात घातली आणि घरात फक्त वस्तू आणायला जाऊ लागल्या. भाकरी भाजायची ती अंगणात, जेवण अंगणात. शेषेरावांना ताटाखालची धूळ सहन होईना, शेवटी तेच कंटाळले आणि माणसं लावली. माती खणायला लागले तर मांडीपर्यंत माती निघाली. कापलेल्या कडेला वर्षावर्षाचे थर दिसत होते, आणि थराथरात बांगड्यांच्या काचा. चोपताना फुटलेल्या. वरच्या थरातल्या केवळाबाईंच्या, त्याखालच्या सासूच्या, त्याखालच्या सासूच्या सासूच्या. गाड्या भरभरून ती माती कुणाच्या तरी खड्ड्यात गेली आणि घरावर लोखंडी अँगलवर पत्रे आले. भिंती तशाच राहिल्या. पुढं दोन वर्षांनी शेषेरावांनी त्यांना आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, वर फिकट गुलाबी रंग दिला. बघणाऱ्याला वाटावं, नवंच घर आहे.

त्यानंतर लातूरला क्लासचं पीक आलं. बोर्डाच्या यादीत लातूरच्या पोरांची नावं झळकायला लागली, लातूर पॅटर्न म्हणून गवगवा झाला, आणि नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून आईबाप आपापली लेकरं घेऊन गल्लीगल्लीत खोली शोधत फिरू लागले. शेषेराव एका दुपारी जेवून कलंडले ते उठलेच नाहीत. घर केवळाबाईंच्या नावावर झालं. त्यांनी अंगणाकडच्या दोन खोल्या अकरावी-बारावीच्या पोरींना दिल्या. भिंतीला लागून खाटा, खाटांखाली ट्रंका, खिळ्याला दप्तरं. मुलगा वैजनाथनं क्लासच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान टाकलं. त्याचं दुकान चालायचं, पण घर मुख्यतः त्या दोन खोल्यांवर चालायचं, आणि केवळाबाईंना मुलापुढं हात पसरावा लागत नव्हता, हे त्या दोघांनाही नीट माहीत होतं.

पोरी त्यांना आजी म्हणत. आजी पोरींना दिवसभर बोलत. केस मोरीत टाकू नका, दिवा जाळत झोपू नका, आईला फोन कर म्हणून किती वेळा सांगू. एखादीचे मार्क कमी आले की मात्र तिच्या ताटात न मागता दुसरी भाकरी पडायची.

पत्र्याखाली एकच दुःख होतं, ऊन. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्रा तव्यासारखा तापायचा, पोरी डोक्यावर ओलं फडकं टाकून गणितं सोडवायच्या. केवळाबाईंनी गल्लीतल्या इतरांसारखा पत्र्यावर कडबा टाकला, तो वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवले आणि संध्याकाळी त्यावर पाणी मारायला सुरुवात केली. खोलीत फरक पडला. मग ते दर वर्षीचंच झालं.

भूकंपाला बारा-तेरा वर्षं झाली असतील. समोरच्या बाजूला पोरींचं चार मजली होस्टेल उभं राहिलं. खिडक्यांना ॲल्युमिनियम, प्रत्येक मजल्यावर गार पाण्याची मशीन. वैजनाथ रोज दुकानातून येता-जाता मान वर करून ते बघायचा. एक दिवस जेवताना म्हणाला, "माय, ह्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकू. नंतर वर अजून खोल्या काढू. बँक कर्ज देते म्हणली."

"बँक उगं देती व्हय?"

"घराचा विमा काढा म्हणली. आपल्या शहेबाजलाच सांगितलंय मी."

शहेबाज त्याचा शाळेतला मित्र, विम्याचा एजंट. केवळाबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी खाऊन वाढलेला, त्यामुळे एजंट म्हणून आला तरी आधी स्वयंपाकघरात डोकावून आला. मग ओसरीवर बसला, बॅग उघडली आणि म्हणाला, "मावशी, आमच्या कंपनीत घराच्या तीन जाती."

"तिथंबी जात काढतेत का रे?"

"काढतेत ना. गवताचं, पत्र्याचं अन् स्लॅबचं. गवताचं म्हटलं की साहेब तोंड फिरवतेत. पत्र्याचं म्हटलं की हाव म्हणतेत, पण हप्ता जास्त, अन् वादळाच्या दहा अटी. स्लॅबचं म्हटलं की खुर्ची देतेत."

वैजनाथ हसला. त्याची बायको तनुजा चहा घेऊन आली होती, तीही हसली.

"अन् भूकंपाचं?" केवळाबाईंनी विचारलं.

"त्याचा वेगळा हप्ता. लातुरात राहून तो सोडायचा न्हाई मावशी. घर पडलं तर पैसे मिळतेत."

"घर पडलं तर. अन् त्या वक्ताला आत पोरी असल्या तर?"

शहेबाजनं चहाचा घोट घेतला. "हा घराचा विमा हाय मावशी. माणसांचा निराळा असतो."

"मग आधी माणसांचं सांगायचं की."

"माय, त्याला काम करू दे," वैजनाथ म्हणाला.

शहेबाजला सध्याचं छत बघायचं होतं. त्यानं शिडी लावली आणि वर चढला. वर कडबा उचकल्याचा आवाज आला. मग तो खाली उतरला, पँटचे गुडघे झटकले आणि वैजनाथकडे बघत म्हणाला, "तू कधी वर चढलास का रे?"

"मी कामून चढू? माय करती ते."

"मावशी, वर काय हाय?"

"कडबा हाय. गारव्याला."

"कडब्याखाली?"

"मागल्या सालचा कडबा."

"अन् त्याच्याखाली?"

केवळाबाईंनी वर बघितलं. त्यांना आठवत होतं. पत्र्याच्या जोडातून खिळ्यापाशी गळायला लागलं तेव्हा त्यांनी घमेलंभर पांढरी माती आणून लिंपली होती. पुढच्या वर्षी थोडी पलीकडं. जुना कडबा कुजला होता, तो खाली ओढण्याऐवजी त्यावरच नवा अंथरला होता. वारा जास्त व्हायला लागला तसे दगड वाढवले होते.

"राग मानू नका मावशी," शहेबाज म्हणाला. आता तो एजंटासारखा बोलत नव्हता. "माझ्या आज्जीचं घर असंच होतं. वर गवत उगवलंय. मधला अँगल वाकलाय. तुम्ही पत्र्यावर माळवद केलंय."

केवळाबाईंनी पदर खोचला आणि त्या शिडीकडे निघाल्या. तनुजा मागून म्हणाली, "आत्याबाई, तुमचे गुडघे..." पण तोवर त्या दोन पायऱ्या चढल्या होत्या.

वर गेल्यावर त्या आधी उभ्याच राहिल्या. मग बसल्या. दर वर्षी त्या इथं आल्या होत्या, आपल्या हातांनी हे सगळं केलं होतं, आणि एकदाही त्यांना ते दिसलं नव्हतं. त्यांनी कुजलेल्या कडब्यात हात घातला. तो मनगटापर्यंत गेला आणि काळ्या ओल्या मातीला लागला, मग पांढऱ्या मातीला. नवऱ्याला अंगणात जेवायला लावून जी माती घरावरून उतरवली होती, ती त्यांच्याच हातांनी पाटी पाटी करत परत वर चढवली होती. हातांना जसं शिकवलं होतं तसंच ते करत राहिले होते, आणि खाली पोरी गणितं सोडवत होत्या.

त्यांनी वरून हाक मारली. "तनुजा, खोलीत कोण हाय?"

"शिवगंगा हाय. झोपलीय."

"तिला बाहेर काढ आधी. मग त्या वैजूला वर पाठव."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगणात दगडांचा ढीग झाला. शिवगंगा, मुखेडची पोरगी, अर्धवट झोपेत खाटेवर अंगणात बसून बघत होती. तिला वाटलं, आजीचं डोकं फिरलं.

यानंतर वैजनाथला काही बोलायची गरजच उरली नाही. छत मोकळं झालं, पत्रा तापू लागला, आणि जेवताना तो नुसता वर बघायचा. केवळाबाईंनीच एक दिवस म्हटलं, "टाक तुझा स्लॅब." त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. आयुष्यभर ज्या एका गोष्टीतलं आपल्याला कळतं असं वाटलं होतं, त्यातच आपण चुकलो. मग स्लॅबबद्दल बोलायला आपण कोण.

कागदपत्रं सुरू झाली. वीरण्णा नावाचा गवंडी येऊन भिंतींवर थाप मारून गेला, म्हणाला, दोन हाताची भिंत हाय, हत्ती पेलंल.

जूनमध्ये नव्या पोरी आल्या. भोकरहून अलीझा नावाची पोरगी आईबरोबर आली. आईचं नाव हुस्ना. तिनं बुरख्याचा पडदा वर केला, खोलीत पाऊल टाकलं आणि आधी वर बघितलं. केवळाबाईंना ते लगेच कळलं.

"वर पत्रा हाय," त्या म्हणाल्या. "दिवाळीत स्लॅब पडणार हाय."

"बरं होईल बघा," हुस्ना म्हणाली. "पत्र्याला मी भिते. वारं सुटलं की उडतोय का काय वाटतं. हिचे अब्बा म्हणले, होस्टेलला टाकू. मी म्हणले, न्हाई, घरगुती बघू, कुणी तरी बोलणारं पाहिजे." बोलता बोलता तिनं खाटेशेजारच्या गुलाबी भिंतीवर तळहात टेकला. "भिंती तर पक्क्याच हायेत ना?"

"हाव," केवळाबाई म्हणाल्या.

शब्द इतका सहज तोंडून निघून गेला, की त्यांना आधी काही वाटलंच नाही. हुस्नानं पोरीची चादर अंथरली, उशी भिंतीकडे ठेवली, लोणच्याची बरणी आजींच्या हातात दिली आणि एसटी गाठायला गेली. संध्याकाळी भाकऱ्या थापताना केवळाबाईंना तो 'हाव' ऐकू आला. मग भांडी घासताना, मग दळण निवडताना.

आठवड्याभरानं त्यांनी विषय काढला. वैजनाथ बनियनवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता, तनुजा कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वैजू, स्लॅब ह्या भिंतींवर टाकायचा न्हाई. भिंती पाडायच्या, खालून कॉलम घ्यायचे."

वैजनाथच्या हातातली शेंग थांबली. "माय, तूच म्हणालीस टाक."

"स्लॅबला म्हणाले. ह्या भिंतींवर टाक असं न्हाई म्हणाले."

"भिंतींला काय झालंय? वीरण्णा बोलला ना."

"वीरण्णा गुलाबी रंगाला थाप मारून गेला. आत काय हाय ते मला माहीत हाय. तडा गेलेली भिंत हाय ती, तुझ्या बापानं वरून सिमेंट फासलं. तिच्यावर मातीच्या जागी आता सिमेंटची शिळा ठेवायची, अन् वर अजून खोल्या."

"भिंती पाडल्या तर पोरी कुठं ठेवायच्या? समोर जातील. एकदा समोर गेली पोरगी, की तिची धाकटी बहीणबी समोरच जाती. अन् कॉलमचं कर्ज कोण फेडणार?"

"मग वरच्या खोल्या काढू नको. खालच्याच दोन काढ."

"मग कर्ज कशाला काढायचं? हौस म्हणून?"

तनुजानं घडी मांडीवर ठेवली. ती सासूशी फारसं उलट बोलत नसे, त्यामुळे बोलली की ऐकावं लागे. "आत्याबाई, लग्न झाल्यापासून मी सहा पोरींच्या आंघोळी झाल्यावर आंघोळ करते. वर मोरी होणार होती आमची, माझ्या नावाची कडी असलेली. मी काय महाल मागायलेय का?" मग जरा थांबून ती म्हणाली, "अन् कडबा तुम्हीच टाकला होता की."

"हाव, मीच टाकला," केवळाबाई म्हणाल्या. "म्हणून तर बोलायलेय. मला दिसत न्हवता. आता भिंतीतलं दिसायलंय तर गप कशी बसू?"

वैजनाथनं सोललेले दाणे आणि टरफलं एकाच भांड्यात ओतली आणि उठला. "साहेब येणार हाय शुक्रवारी, घर बघायला. तू काही बोलू नको. एवढंच कर माझ्यासाठी."

केवळाबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांच्या मनात खरंच दोन्ही होतं. घर मुलाचंच होणार होतं, आज ना उद्या. सुनेची मोरी खरी होती. त्यांच्या हातात येणारा पोरींचा पैसाही खरा होता, आणि तो थांबला की मुलापुढं हात पसरायचा, हेही खरं. फक्त रोज पहाटे त्या पोरींना उठवायला खोलीत जायच्या तेव्हा त्यांची नजर आता वर जात नसे. बाजूला जायची. अलीझा भिंतीकडं तोंड करून झोपायची, नाक अगदी रंगाला टेकेल इतकी.

शुक्रवारी विमा कंपनीचा साहेब मोटारसायकलवर आला. हेल्मेट काढून हातात धरलं, घामानं केस चिकटलेले. बरोबर शहेबाज. साहेबानं फोटो काढले, बाहेरून, आतून, मोकळ्या पत्र्याचा. दिवाळीत स्लॅब पडणार, मग त्याचा विमा, असं सगळं ठरलेलं होतं. तनुजानं चहाबरोबर फरसाण ठेवलं.

"भिंती?" साहेबानं लिहिता लिहिता विचारलं.

"पक्क्या," वैजनाथ म्हणाला. "प्लास्टर हाय आतून-बाहेरून."

साहेबानं मान हलवली. पेन कागदाला टेकलं.

"साहेब, आत दगड-माती हाय," केवळाबाई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या. "सिमेंट नुसतं वरून हाय. भूकंपात तडाबी गेलेला हाय."

शहेबाज जमिनीकडं बघू लागला. तनुजा आत गेली. साहेबानं पेन उचललं आणि थकल्यासारखं केवळाबाईंकडं बघितलं.

"आजी, मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

"भिंतीचं इचारलंत की."

"ह्यांना विचारलं होतं." त्यानं वैजनाथकडं बोट केलं नाही, नुसतं बघितलं. मग पेनला टोपण लावलं. "हे बघा. मी हे लिहिलं, तर कंपनी इंजिनियरचं पत्र मागणार. ते पत्र बँकही बघणार. ह्या भिंतींवर स्लॅबला कुणी सही देणार नाही. आणि नाही लिहिलं, तर आज सगळं सुरळीत. उद्या काही झालंच तर दुसरा साहेब येईल, तो प्लास्टरच्या मागे बघेल, आणि एक रुपया मिळणार नाही. असं आहे."

"म्हणजे हप्ते भरून काही न्हाई," केवळाबाई म्हणाल्या.

"असं मी म्हणालो नाही."

"लिहा."

साहेबानं वैजनाथच्या जागेकडं बघितलं. वैजनाथ उठून बाहेर गेला होता. त्याच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. साहेबानं लिहिलं, चहा मात्र तसाच ठेवला. जाताना शहेबाज दारात घुटमळला. "मावशी, तुम्ही आधी माझ्याजवळ बोलल्या असत्या तर मी काही तरी केलं असतं."

"तेच तर नको होतं बाबा."

त्यानंतर वैजनाथ आईशी बोलेना. जेवायला यायचा, पण 'मायला सांग मीठ कमी हाय' असं तनुजाला सांगायचा, आई समोर भाकरी वाढत असताना. तनुजा दोन्हीकडचे निरोप पोचवून पोचवून वैतागली. एक दिवस म्हणाली, "मला टपाल खात्यात लागल्यासारखं झालंय. आत्याबाई, तुम्ही तुमच्या पोराला काय म्हणायचं ते थेट म्हणा, माझी कढी उतू चाललीय." वैजनाथला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं.

पण साहेब म्हणाला होता तसंच झालं, जुन्या भिंतींवर स्लॅबला कुणी सही देईना, आणि वैजनाथला भिंती पाडायला कबूल व्हावं लागलं. अजून एक काम केवळाबाईंना करायचं होतं. त्यांनी शिवगंगाकडून नंबर लावून घेतला आणि भोकरला फोन केला.

"बाई, त्या दिवशी भिंती पक्क्या हायेत म्हणाले मी. ते खोटं होतं. आता पाडून नव्यानं करणार हाय. पोरींची सोय आमच्या शेजारणीकडं, महानंदाबाईकडं केली हाय."

 पलीकडून हुस्नानं विचारलं, "अन् एवढे दिवस माझी पोरगी तिथंच झोपली?"

"हाव."

दोन दिवसांनी हुस्ना आली. भांडली नाही. अलीझाची चादर गुंडाळली, ट्रंक उचलली आणि पोरीला होस्टेलला घेऊन गेली. केवळाबाईंनी लोणच्याची बरणी धुऊन परत दिली. हुस्नानं ती घेतली, 'येते' म्हणाली नाही. तिच्याबरोबर अजून एक पोरगी गेली. उरलेल्या चौघी महानंदाबाईच्या वरच्या खोलीत गेल्या आणि भाकरीपुरत्या इकडं यायच्या.

इंजिनियरनं दोन खोल्यांच्या कॉलमचा नकाशा काढून दिला. बँकेनं कर्ज दिलं, पण वैजनाथनं मागितलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. वर काहीच होणार नव्हतं. मोरी मात्र होणार होती, खाली, अंगणाच्या कोपऱ्यात. ती केवळाबाईंनी नकाशात आधी काढायला लावली.

दिवाळी झाल्यावर वीरण्णाची माणसं आली. पत्रे उतरले, अँगल उतरले. भिंतींना दोन दिवस लागतील असं वीरण्णा म्हणाला होता. वैजनाथ दुकान उघडायच्या आधी नाकाला रुमाल बांधून अंगणात येऊन उभा राहिला. आईपासून जरा अंतरावर.

गड्यानं पहार घातली. प्लास्टरचा मोठा तुकडा अख्खाच्या अख्खा सुटून खाली पडला. त्याच्या मागून माती वाहायला लागली, फाटलेल्या पोत्यातून ज्वारी सांडावी तशी, आवाज न करता. गडी मागं सरकला. कुणी पहार परत लावली नाही, तरी वरचा एक दगड हलला, त्याच्यापाठोपाठ दुसरा, आणि मग खाटांकडची सगळी भिंत कंबरेतून वाकल्यासारखी होऊन आत बसली. धूळ खाली यायला वेळ लागला. आली तेव्हा ढीग खोलीच्या मध्यापर्यंत पसरलेला दिसला.

 वीरण्णानं टोपी काढून झटकली.

"माय," वैजनाथ म्हणाला. तोंडावर रुमाल असल्यामुळे आवाज दबका आला. "ह्या भिंतीला कुणाच्या खाटा होत्या?"

"शिवगंगाची. त्या भोकरच्या पोरीची. तिसरी मी रिकामी ठेवली होती, नवीन पोरगी यायची होती."

"उशा कुणीकडं?"

"भिंतीकडं. पायाकडं पंखा होता ना."

वैजनाथनं रुमाल खाली ओढला. ढिगाच्या मागं जी दुसरी भिंत अजून उभी होती, तिच्याकडं तो बघत राहिला. तिलाही तोच गुलाबी रंग होता. तिच्या पलीकडं त्याची आणि तनुजाची खोली होती.

"ही बी तशीच?"

"एकाच सालात बांधलेल्या," केवळाबाई म्हणाल्या. "सगळं घर तसंच हाय वैजू."

तो घरात गेला. त्यानं तनुजाला हाक मारली आणि पलंगाचं एक टोक धरायला सांगितलं. कुठं न्यायचा, तिनं विचारलं. वैजनाथ म्हणाला, सध्या अंगणात.